नसलेल्या ट्यूबची चोरी

माझा साळा दिवाकर याने माझ्या जावयाच्या सायकलची ट्यूब चोरली, हे आमच्या गावात, त्याच्या गावात आणि वाटेतल्या प्रत्येक पानठेल्यावर सर्वांना ठाऊक आहे. दिवाकरने ट्यूब चोरलेली नाही. माणूस सज्जन आहे म्हणून नव्हे (सज्जन आहेच, पण तो मुद्दा वेगळा). चोरली नाही, कारण त्या सायकलीत ट्यूब नव्हतीच.

इतकं साधं वाक्य! पण गेली काही वर्षं मी ते सांगतो आहे आणि लोक माझ्याकडे पाहून गोड हसतात. "भाऊ, तुमचं मन लय मोठं हाय," म्हणतात. माझं मन मुळीच मोठं नाही. असतं तर हे सगळं घडलंच नसतं. आता गुडघे गेले, दात गेले, झोप गेली. निदान ही एक गोष्ट छातीवरून जावी म्हणून लिहितो आहे.

सायकल जावयाची. तो नागपूरला कॉम्प्युटरवर काम करतो. बसून बसून पोट सुटलं, डॉक्टरने डोळे वटारले, आणि याने थेट डोंगरावर चालवायची सायकल घेतली. हे जाडजूड टायर, म्हशीच्या शिंगांसारखं हँडल! नागपुरात आता डोंगर आणायचा कुठून? असलेल्या एका टेकडीवर तो जाऊन आला, आठवडाभर लंगडला, आणि संक्रांतीला ती सायकल गाडीच्या टपावर बांधून सावली तालुक्यातल्या आमच्या गावात आणून सोडली.

"मामाजी," तो म्हणाला (आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात), "इथं जंगल आहे, मोकळे रस्ते आहेत. दर सुट्टीत येऊन चालवीन."

होळीला आला. जेवला, झोपला, सायकलीसोबत एक फोटो काढला आणि गेला.

जाण्याआधी टायरवर हात ठेवून तो बराच वेळ मला काही समजावत होता. "आत औषध आहे", "नुसती उभी ठेवू नका", "चाक फिरवत राहा" असे शब्द कानावरून गेले. पण जावई बोलत असतो तेव्हा सासऱ्याने मान हलवायची असते. ऐकायचंही असतं असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली. सायकल ओसरीत उभी केली आणि वर बायकोचं जुनं लुगडं झाकलं. चालवायचा प्रश्नच नव्हता. जावयाची वस्तू! एक ओरखडा उठला तर पोरीला सासरी ऐकावं लागेल. सायकलीकडे कोणी टक लावून पाहिलं तरी मी खाकरत असे.

मग आमच्या जिल्ह्याचा तो उन्हाळा आला. त्याचं वर्णन करत नाही. ज्यांनी भोगलाय त्यांना गरज नाही, आणि बाकीच्यांना खोटं वाटेल. पाऊस लागल्यावर लुगडं काढून पाहतो तर दोन्ही टायर चपटे! सायकल दमलेल्या रेड्यासारखी बसलेली. पंप आणला, तर हवा भरायचा वाल काडीसारखा बारीक. त्यावर आमचा पंप बसेना. शेवटी सायकल ढकलत गुलाब मिस्त्रीच्या दुकानात नेली.

गुलाबने टायरची कड उचकटली, आत बोटं घातली, चाकभर फिरवली, पुन्हा उलटी फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, याच्यातली ट्यूब कुठी हाय?"

"कुठी म्हणजे? आत असंल!"

"आत नाई ना जी! म्या का आंधळा हावो?"

त्याने दुसरं चाक उघडलं. त्यातही नाही! आत होते नुसते पांढरे पापुद्रे आणि वाळलेल्या डिंकासारख्या गोळ्या. गुलाबने एक गोळी चिमटीत धरून वास घेतला.

"पंक्चरचं सोलूशन हाय. सांडलं त्याच्या हातून."

"कोणाच्या?"

"चोराच्या! आन हे पाहा." त्याने रिममध्ये घट्ट बसलेला तो बारीक वाल दाखवला. "ट्यूब वालापासून कापून नेली आन वाल तेवढा जागेवर ठेवला. भायेरून पाह्यलं त सायकल जशीच्या तशी! भल्ला हुशार चोर हाय, भाऊ. आपल्या इकडचा नाई वाटत."

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. लोकांनी रात्री कालव्याचं दार उचलून पाणी चोरायचं आणि मी सकाळी चिखलातल्या पावलांवरून माणूस ओळखायचा, यात माझी उभी नोकरी सरली. मी डोळे बारीक केले (निवृत्तीनंतर प्रथमच) आणि म्हणालो, "इकडचाच हाय."

कारण मला सगळं एका क्षणात दिसलं होतं! मे महिन्यात घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला बायकोचा धाकटा भाऊ दिवाकर आला होता. दोन रात्री तो ओसरीत झोपला. सायकलीला पाय लावून! आणि दिवाकरचा धंदा काय? तलावातली मासेमारी. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून तो तलावाच्या मध्यावर जातो आणि जाळं टाकतो. आपल्या आयुष्यात पेन्शनचं जे स्थान, ते त्याच्या आयुष्यात ट्यूबचं. त्यात जाताना तो टायर दाबून काय म्हणाला होता? "भाऊजी, केवढं जाड टायर हाय! याची ट्यूब लय मोठी असंल."

झालं! आणखी काय पुरावा हवा?

घरी आल्यावर मी कमलला, म्हणजे बायकोला, पायरीपायरीने सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"झालं तुमचं?" तिने विचारलं.

"झालं."

"माहा भाऊ ट्यूब चोरंल? अवो, लहानपनी बोरं वेचाले गेला त झाडाले इचारून वेचे थो!"

"मग ट्यूब गेली कुठी?"

"मले काय माहीत! तुमी चौकीदारी करून राह्यले होते ना लुगडं घालून? तुमीच सांगा!"

"मी जातो आन त्यालेच विचारतो."

"फोनवर इचारा. हळू इचारा. चार लोकांत नोका इचारू."

हे तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. नोंद असावी.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने दिवाकरच्या गावी गेलो आणि थेट तलावाच्या पाळीवर उभा राहिलो. पाळीवर माणसं जाळी विणत होती, बायका मासे निवडत होत्या, आणि दिवाकर पार मध्यावर ट्यूबवर बसलेला. मी हात तोंडाशी धरून ओरडलो, "दिवाकर! भायेर ये!"

तो हाताने पाणी मारत, हसत, घाईघाईने येऊ लागला. "आलो, भाऊजी! ताईसाठी मरळ पकडली हाय, बसा!"

मी बसलो नाही. चौकशी उभ्याने करायची असते.

"सायकलची ट्यूब कुठी हाय?"

"कोनती ट्यूब, भाऊजी?"

"कोणती म्हणजे? किती नेल्या तू?"

जाळी विणणारे हात थांबले. दिवाकर गुडघाभर पाण्यात उभा. मी त्याच्या ट्रकच्या ट्यूबवरची ठिगळं निरखू लागलो. न जाणो, आमच्या ट्यूबचे तुकडे त्यात असले तर!

"भाऊजी," तो हळू आवाजात म्हणाला, "सायकलच्या ट्यूबवर माहा एक पायबी नाई मावत जी."

"दोन होत्या," मी म्हणालो.

(हे वाक्य आठवलं की आजही मला जवळ दिसेल त्या पांघरुणात शिरावंसं वाटतं.)

पाळीवर एक जण खोकला. एक बाई हसली. दिवाकर हसला नाही. दोरीला ओवलेली ती मरळ त्याने माझ्यासमोर धरली होती, ती मागे घेतली.

"ताईले सांगा," तो म्हणाला, "चोराच्या हातचे मासे नोको खाऊ. आन हे माह्या नावावरून पुसल्याबिगर म्या तुमच्या दारात पाय नाई ठेवत."

त्या दिवसापासून आमच्या घरी मासे बंद. सकाळी लाखोरीचं वरण, संध्याकाळी लाखोरीचं वरण. बायको माझ्याशी बोलेना. जे सांगायचं ते ती भिंतीला सांगे. "जेवाले वाढलं हाय," असं भिंतीला सांगून ती आत जाई, आणि मी व भिंत एकमेकांकडे पाहत राहू. गावात मात्र माझी पत वाढली. बसस्टँडवर लोक थांबवून विचारत, "साळ्यानंच नेली ना? आपलेच असते, भाऊ, आपलेच!" मी गंभीर चेहऱ्याने निःश्वास सोडत असे. खोटं कशाला बोलू, त्यात थोडी मजाही येत होती.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी कमल भिंतीला म्हणाली, "उद्या मी पाट मांडतो. भाऊ नाई आला त पाट रिकामा राहीन. ज्यानं रिकामा ठेवला त्यानं समोर बसून पाहावं."

आणि खरोखर सकाळी तिने पाट मांडला, रांगोळी घातली, ताटात दिवा लावला आणि पाटाशेजारी बसली. मला समोर बसवलं. दिव्यातलं तेल संपत आलं की ती पुन्हा घाली. चोर पकडल्याचा आनंद किती वेळ टिकतो, हे मला त्या दिवशी कळलं. ऊन ओसरीच्या पायरीवर आलं, पायरीवरून खाली उतरलं, आणि माझ्या मनात प्रथमच आलं की जाऊ द्यावी ती ट्यूब खड्ड्यात! पण हे तोंडाने म्हणायचं कसं?

इतक्यात फाटक वाजलं. दिवाकर! अंगात नवा सदरा, हातात पिशवी. दारातच थांबला.

"भाऊजी," तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "म्याच नेल्या होत्या. चुकलो. ह्या घ्या, नव्या दोन ट्यूबा." आणि उंबऱ्याबाहेरूनच वाकून त्याने माझे पाय धरले.

मी त्याला क्षमा केली.

नुसती केली असती तर चाललं असतं. मी भाषण केलं! माणूस चुकतो, असं म्हणालो. पाणी चोरणाऱ्यांनाही मी समज देऊन सोडत असे, असं म्हणालो. कबूल करायला छाती लागते, असं म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. शेजारची माणसं कुंपणाशी जमली होती. त्यांनी माना डोलावल्या. कमलने भावाला ओवाळलं. ओवाळताना ती त्याच्या कानांकडे पाहत होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी समजलो, कृतज्ञतेने संकोचली असेल.

ट्यूबा घेऊन मी गुलाबकडे गेलो. नव्या ट्यूबचा वाल जाड, रिमचं भोक बारीक.

"कंपनीनं भोकच लहान पाडलं," गुलाब म्हणाला आणि ड्रिल लावून दोन्ही भोकं मोठी केली. "आन आतून कोनंतरी चिकटपट्टी मारून ठेवली होती. थे काढून फेकली. आता कसं साफ झालं!"

सायकल टणक झाली. मी समाधानाने तिच्यावर लुगडं टाकलं.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दुपारी दंडार नाचते, रात्री नाटक होतं आणि घरोघरी पाहुणे येतात. आमच्या मंडईला मुलगी आणि जावई आले. या वेळी जावयाने सायकल चालवायची, असा निश्चय केला होता. पिशवीत एक पांढरी बाटलीही आणली होती. त्याने लुगडं काढलं, टायरकडे वाकून पाहिलं, आणि आवाज दिला.

"मामाजी, यात ट्यूब कोणी टाकली?"

"मीच टाकून घेतली," मी अभिमानाने म्हणालो. "जुनी चोरीला गेली होती."

"जुनी कोणती?"

"जी आत होती ती."

"आत ट्यूब नव्हती, मामाजी. टायर ट्यूबलेस आहे. मी सांगितलं नव्हतं का?"

मी नेहमीप्रमाणे मान हलवायला गेलो. ती अर्ध्यातच अडकली.

मग त्याने बाटली काढून सगळं सांगितलं. त्या दिवशी मी प्रथमच जावयाचं बोलणं ऐकलं. या टायरमध्ये ट्यूबऐवजी रबराचं दूध घालतात. काटा रुतला की दूध त्या भोकात जाऊन आपोआप घट्ट होतं. पण सायकल चालवली तरच ते आत फिरत राहतं. नुसती उभी ठेवली की तळाशी साचतं आणि वाळून त्याच्या गोळ्या होतात. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. म्हणून मधूनमधून नवं दूध घालायचं. ती चिकटपट्टी हवा अडवायला होती. आणि भोक...

"भोक कोणी मोठं केलं?" म्हणत त्याने कपाळावर हात मारला.

"म्हणजे," मी विचारलं, "चोरी झालीच नाही?"

"कशाची होणार?"

"मग दिवाकरने कबूल का केलं?"

याचं उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. कमल झारा घेऊन उभी होती. वडे तळत होती. तेल झाऱ्यावरून टपटप गळत होतं.

"अवो, तुमी त्याचे कान नाई पाह्यले त्या दिवशी? खोटं बोलला का त्याचे कान लाल होतेत. लहानपनापासून. भाऊबीजेले कुंकवासारखे झाले होते!"

"मग तू तेव्हाच बोलली काऊन नाई?"

"बोलून? पाट भरला होता ना! थो माह्यासाठी चोर होऊन आला, आन मी त्याले दारातून वापस धाडू?" तिने झारा माझ्यावर रोखला. "आता सांगा तुमचं भाषन!"

मला त्या क्षणी कालव्यात उडी मारावीशी वाटली. त्यातच फाटक वाजलं आणि मंडईसाठी म्हणून दिवाकर आला. हातात मासे! मी त्याला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगून टाकलं. ट्यूब नव्हती. कधीच नव्हती. तू काही नेलं नाहीस.

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"म्हंजे म्या नाई नेली?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मंग माही माफी वापस करा."

"कशी?"

"जशी देल्ली तशी! वाकून पाय धरले होते म्या तुमचे. लोकं पाहून राह्यले होते."

मी खरोखर वाकलो. गुडघे कडाडले. पण दिवाकर किंचाळत पाटावरून उठून तुळशीमागे पळाला, कारण बहिणीच्या नवऱ्याने साळ्याचे पाय धरणं म्हणजे आमच्याकडे साळ्याला सात जन्मांचं पाप! कमल ओरडली, "त्याले चोर केलं ते कमी झालं का, आता नरकात धाडता?" मी अर्धा वाकलेला तसाच, वर येता येईना. जावयाने काखेत हात घालून सरळ केलं.

शेवटी कमलनेच निकाल दिला. "चार लोकांत चोर म्हनलं, त चार लोकांत सांगा. मंडईत. भोंग्यावर."

दुपारी मंडई ऐन भरात होती. दंडार रंगली होती. साडी नेसलेला नाच्या घाम पुसत ठुमकत होता. मंडपातल्या माणसाने रात्रीच्या नाटकाची सूचना दिली आणि माइक माझ्या हातात दिला. दिवाकर पहिल्या रांगेत हात बांधून उभा. त्याच्या गावचे लोकही होते, पाळीवर खोकलेला तो सुद्धा. मी बोललो, "मंडळी, माझ्या साळ्यानं ट्यूब चोरली नाही. त्या सायकलीत ट्यूब नव्हतीच. चूक माझी आहे."

मग एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "पाहा, माणूस असावा त असा! साळ्याची लाज राखाले स्वतःवर घेऊन राह्यला!"

टाळ्या पडल्या.

"अहो, खरंच नव्हती!" मी ओरडलो.

"समजलं, भाऊ, समजलं!" आणखी टाळ्या. दिवाकरकडे लोक अशा नजरेने पाहू लागले, की बघ, देवमाणसाला कसं फसवलंस!

"तो टायर ट्यूबलेस आहे!"

आता गुलाब मिस्त्री पुढे आला. त्याचा धंद्याचा मान दुखावला होता. "भाऊ, मोटरसायकलचं टायर बिना ट्यूबचं असते, थे लेकरालेबी मालूम हाय. पन सायकलच्या रिमले आऱ्याचे भोकं असते. हवा थांबन कुठी? मले शिकवता का?"

लोक हसले. माझं डोकं फिरलं. "आणा रे सायकल!" मी माइकवरच गरजलो. "दाखवतोच!"

जावई कानाशी कुजबुजत होता, "मामाजी, नको. भोक बिघडलंय, पट्टी गेलीय, आज नाही बसणार ते." पण आयुष्यभर न ऐकण्याची सवय, ती एका दुपारी कशी सुटणार? सायकल आली. गुलाबने नाक मुरडत ट्यूब काढली. मंडपवाल्याकडून खोक्यांना लावायची चिकटपट्टी घेऊन जावयाने आतून फिरवली, जुना बारीक वाल चिंधी गुंडाळून भोकात कोंबला आणि बाटलीतलं सगळं दूध टायरमध्ये ओतलं. गुलाबच्या दुकानाचा कॉम्प्रेसर शेजारीच होता. त्याची नळी ओढून आणली. टायर नुसता फुसफुसत होता.

"हळू," जावई म्हणाला.

"पूर्ण सोड!" मी म्हणालो, आणि चाक पोटाशी कवटाळून धरलं.

गुलाबने पूर्ण सोडली. टायर फुगला! "पाहा! पाहा!" मी चाक उचलून लोकांना दाखवलं. मंडईभर आश्चर्याचा आवाज उठला, माझी छाती फुगली, टायर आणखी फुगला, आणि मग असा काही आवाज झाला की दंडारीचा ढोलकीवाला ढोलकी टाकून पळाला.

डोळे उघडले तेव्हा सगळं पांढरं होतं. पहिली रांग पांढरी, माइक पांढरा, जिलबीवाल्याची कढई पांढरी. नाच्याची साडी एका बाजूने पांढरी झाली होती आणि तो मला दंडारीत न शोभणाऱ्या शिव्या देत होता. माझ्या मिशा एकमेकींना चिकटल्या होत्या. चाकाचा टायर कुठं गेला ते मला दिसेना. माझ्या गळ्यात होता.

त्या शिव्यांतून गुलाबचा आवाज आला. "पाह्यलं? ट्यूब असती त फुटलं नसतं!"

"बराबर हाय!" गर्दी म्हणाली. "म्हंजे ट्यूब होतीच!"

मी तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण ओठ चिकटलेले. लोक हसू लागले. कोणी फोन काढले. नाच्या माझ्या दिशेने निघाला. तेवढ्यात पांढरा झालेला दिवाकर पुढे आला, त्याने माझ्या गळ्यातला टायर काढला, माइक उचलला आणि म्हणाला,

"हसू नोका. भाऊजीची चूक नाई. ट्यूब म्याच नेली होती."

गर्दी समाधानाने पांगली. त्याचे कान कोणी पाहिले नाहीत. सदऱ्यासकट सगळा माणूसच पांढरा होता. मला दिसले. त्या दुधाखालूनही लाल होते.

घरी येताना तो एवढंच म्हणाला, "राहू द्या, भाऊजी. तुमचं तोंड पाह्यलं नाई गेलं मले." ते रबर माझ्या मिशांतून निघेना, शेवटी मिशा काढाव्या लागल्या. गावात समज झाला, की साळ्याच्या चोरीचं दुःख भाऊंना इतकं लागलं की त्यांनी मिशा उतरवल्या. माझं मन पुन्हा एकदा मोठं ठरलं!

म्हणून हे लिहिलं. आज सकाळी दिवाकर आला होता; त्याला ओसरीत बसवून पहिल्यापासून वाचून दाखवलं. त्याने मन लावून ऐकलं. तलावाच्या पाळीपाशी मी थांबलो, तेव्हा त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. शेवटी डोळे पुसले.

"मस्त लिवलं, भाऊजी. एकदम खरं वाटते." मग इकडेतिकडे पाहून जवळ सरकला. "आता कोनी नाई इथी. मले तरी सांगा. म्या त नाई नेली. मंग गेली कुठी?"

मी कपाळाला हात लावला. सायकल, दूध, रिम, पट्टी, सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्याने समजुतीने मान डोलावली, "सांगाचं नसंल त राहू द्या," म्हणाला, आणि गेला.

तो वळणाआड दिसेनासा झाल्यावर मी हळूच उठलो, आणि न जाणो, म्हणून ओसरीतल्या धानाच्या कोठीमागे टॉर्च मारून पाहिलं.